बर्फाच्या मशीनला कोणतं पाणी पाजायचं

मशीनची प्लेट बर्फ सोडते तो आवाज मला भिंतीपलीकडूनही ओळखू येतो. आधी प्लेटवरून वाहणाऱ्या पाण्याची झरझर थांबते. मग व्हॉल्व उघडल्याची टिक, मिनिट-दीड मिनिट नुसती घरघर, आणि अख्खी लादी एकदम खालच्या पेटीत. धाडकन. हा आवाज तुटक आला, म्हणजे लादी एका झटक्यात न पडता अडकत, खरवडत, तुकड्यातुकड्यांनी आली, की कव्हर उघडायच्या आत मला कळतं: प्लेटवर खार धरलाय.

मला येणारा फोन मात्र दुसऱ्याच गोष्टीचा असतो. "ताई, बर्फ कमी पडतोय. गॅस कमी झाला असणार." १७ वर्षं मी हीच मशीनं उघडते आहे, आणि गॅस खरोखर कमी निघाला अशा वेळा थोड्याच आठवतात. गॅसची वाट बंदिस्त असते, गळती असल्याशिवाय तो कुठे जात नाही. पाण्याचं तसं नाही. ते रोज नवं येतं, रोज काहीतरी सोबत आणतं आणि त्यातलं थोडं थोडं आत ठेवून जातं. त्या पाण्याबद्दल आज सविस्तर लिहिते, कारण फिल्टरच्या बाबतीत जितके चुकीचे सल्ले माझ्या कानावर येतात तितके मशीनच्या दुसऱ्या कुठल्याच भागाबद्दल येत नाहीत.

साध्या नळातून पाणी एकदाच जातं. बर्फाच्या मशीनमध्ये तेच पाणी खालच्या टाकीतून पंपाने वर चढतं, थंडगार प्लेटवरून पातळ पडद्यासारखं ओघळतं, टाकीत येतं आणि पुन्हा वर जातं. गोठताना स्फटिकात जागा मिळते ती फक्त पाण्याला. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, जे काही विरघळलेलं असेल ते बाहेर ढकललं जातं. म्हणून तर या मशीनचा बर्फ काचेसारखा नितळ असतो, आणि फ्रीजच्या ट्रेमधल्या बर्फाच्या पोटात पांढरा ढग दिसतो. ट्रेमध्ये त्या क्षारांना आणि हवेला पळायला वाटच नसते. इथे ते सगळं टाकीत परत येतं. समजा टाकीत १० लिटर पाणी आहे आणि लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. त्यातलं ६ लिटर गोठलं की उरलेल्या ४ लिटरमध्ये जवळपास सगळा क्षार आला, म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या घरात. त्यातच, पातळ थरात वाहताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि इतका वेळ मुकाट विरघळून राहिलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन खडूसारखं बसायला लागतं. टाकीत बसतं, पंपाच्या पंख्यावर बसतं, वरच्या नळीच्या बारीक भोकांत बसतं. आणि प्लेटवर बसतं, तिथे सगळ्यात महाग पडतं.

प्लेट सहसा तांब्याची, वर निकेलचा मुलामा. मुलामा गुळगुळीत असतो तोवर आतून गरम गॅस फिरला की प्लेटला टेकलेला बर्फाचा केसभर थर वितळतो आणि लादी घसरते. खाराचा थर खरखरीत. डोळ्याला कधी कधी दिसतही नाही. मी प्लेट कोरडी करून चौकटीच्या कोपऱ्यात नख फिरवते, नखाला कुरकुर लागली की समजायचं. बर्फ त्या खरखरीला धरून बसतो, मशीन जास्त वेळ गरम गॅस सोडत राहतं, आणि लादी सुटेपर्यंत तिच्यातला चांगला बर्फ वितळून गेलेला असतो. फेऱ्याही कमी, फेरीतला बर्फही कमी. कधी अर्धी लादी पडतच नाही, तिच्यावर पुढचा बर्फ चढतो, त्यावर त्याच्या पुढचा, आणि सकाळी उघडून बघावं तर प्लेटच्या जागी एक शिळा उभी.

माझ्यासोबत काम शिकणाऱ्या पोराने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "ताई, नितळ तर पाणी आहे. त्यात खार असून असून किती असणार?" मी त्याला जॉब कार्डाच्या पाठीमागे हिशेब मांडायला लावला. दिवसाला २०० किलो बर्फ देणारं मशीन. २०० लिटर तर बर्फातच गेलं. दर फेरीनंतर टाकीतलं खारट पाणी मशीन नालीत सोडतं, ते धरून दिवसाला ३०० लिटर म्हणू. लिटरमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ६० ग्रॅम. वर्षाला जवळपास २२ किलो. तो गुणाकार पुन्हा करून बघत होता. अर्थात यातलं बहुतेक नालीतूनच निघून जातं, पण शंभरातला एक भाग जरी आत राहिला तरी वर्षाला पाव किलोच्या आसपास दगड त्या मशीनच्या पोटात. त्या दिवसापासून हा पोरगा टाकीतलं पाणी सोडणारा व्हॉल्व न तपासता मशीन बंद करत नाही. तो व्हॉल्व चिकटला की खारट पाणी बाहेर जातच नाही, आणि जगातला कुठलाही फिल्टर मग ते मशीन वाचवू शकत नाही.

आता मुद्द्याचं. फिल्टर घेण्याआधी पाणी मोजा. मी हे इतक्या वेळा सांगते की ओळखीचे लोक माझ्या आधीच म्हणून मोकळे होतात, तरी मोजत कोणी नाही. खिशातलं टीडीएस मीटर पाण्यात बुडवलं म्हणजे मोजमाप झालं असा एक समज आहे. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. ते क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. दोन्ही पाणी ३०० दाखवतील. एकात बहुतेक सोडियमचे क्षार असतील, ते प्लेटवर दगड धरणार नाहीत, आणि दुसऱ्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम जडपणा असेल, ते चार महिन्यांत प्लेट पांढरी करेल. दोन्हींना एकच फिल्टर लावला तर एक जण म्हणणार फिल्टर उत्तम आहे, दुसरा म्हणणार फसवलं.

म्हणून माझ्या पेटीत थेंबांचं किट असतं. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीतले थेंब टाकायचे, मग चिमूटभर भुकटी. पाणी जड असेल तर ते मनुकांच्या पाण्यासारखं तांबडं-जांभळं होतं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब, प्रत्येक थेंबाला बाटली हलवायची आणि मोजत जायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग रंग जरा मळकट होतो, अजून एक थेंब, आणि एकदम स्वच्छ निळा. या निळ्यापर्यंत किती थेंब लागले त्यावरून जडपणा निघतो. दोन मिनिटांचं काम आहे. लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत पाणी मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड, त्याच्या वर फार जड, अशी ढोबळ विभागणी सगळीकडे वापरतात. मशीनच्या पुस्तकात ग्रेन हे माप असेल तर घाबरू नका, १ ग्रेन प्रति गॅलन म्हणजे लिटरमागे १७.१ मिलिग्रॅम.

क्लोरीनसाठी दुसरी परीक्षा. गोळी टाकली आणि पाणी गुलाबी झालं की मोकळा क्लोरीन आहे. पण कधी पहिल्या गोळीने काहीच होत नाही, आणि दुसऱ्या प्रकारची गोळी टाकली की मग गुलाबी रंग येतो. तिथे क्लोरामाइन आहे, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेलं. ते लांब पाइपांत जास्त टिकतं म्हणून काही पाणीपुरवठे तेच वापरतात. फिल्टरमधला साधा कोळसा, म्हणजे कार्बन, त्याला फार हळू काढतो. तिथे कॅटॅलिटिक कार्बन, म्हणजे त्यासाठी खास प्रक्रिया केलेला कोळसा लागतो, किंवा कोळशाशी पाण्याचा संपर्क बराच जास्त वेळ हवा. हे न तपासता साधं कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरचा बदलायचा नळकांडा लावून "बर्फाला औषधासारखा वास येतो" अशी तक्रार घेऊन लोक वर्ष-वर्ष हिंडतात.

हे आकडे हातात आले की कुठलं कार्ट्रिज हवं ते जवळजवळ आपोआप ठरतं.

गाळ सगळ्यात आधी अडवायचा. ५ मायक्रॉनचा गाळ-फिल्टर पुढे, मागे ०.५ मायक्रॉनचा कार्बन ब्लॉक, ही जोडी मी सर्वाधिक वापरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. पुढचा स्वस्तातला गाळ-फिल्टर न लावता थेट बारीक कार्बन लावला तर कार्बन आपलं काम करण्याआधीच मातीने बुजतो. हे दिसायला इतकं उघड आहे तरी दर दोन-तीन जागी मला एकटाच कार्बन टांगलेला दिसतो. खोक्यावर एनएसएफ/एएनएसआय या अमेरिकी मानकाचा ४२ हा आकडा असेल तर ते क्लोरीन, चव, वास आणि गाळासाठी तपासलेलं आहे, ५३ असेल तर शिसं, सिस्ट (कवचात दडलेले परजीवी) अशा तब्येतीच्या गोष्टींसाठी. मात्र नेमकं कशासाठी तपासलंय ते बारीक अक्षरात वाचावं लागतं, नुसता आकडा पुरत नाही. आणि कार्ट्रिज किती लिटरपर्यंत चालेल तेही तिथेच असतं. आपलं मघाचंच मशीन घ्या: रोज ३०० लिटर, ६ महिन्यांत ५४,००० लिटर. खोक्यावर ३४,००० लिहिलेलं असेल तर ते चौथ्या महिन्यातच संपलं. भिंतीवर लटकतंय म्हणून ते काम करतंय असं नाही.

दाबाचं एक सांगते, कारण इथे जाणती माणसंही चुकतात. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक गेज (दाब दाखवणारा काटा) लावा. पण गेज बघायचा तो मशीन पाणी भरत असताना. पाणी थांबलेलं असताना फिल्टर पार बुजलेला असला तरी दोन्ही गेज सारखाच आकडा दाखवतात, कारण झिरपत झिरपत दाब दोन्हीकडे समान होतोच. व्हॉल्व उघडला आणि पाणी धावायला लागलं की खरं कळतं. एकदा मी पोराला आत भरणी चालू करायला लावलं आणि गेजसमोर उभी राहिले: थांबलेल्या पाण्यात फिल्टरनंतरच्या गेजचा काटा ५० पीएसआयवर (हे दाबाचं माप), आणि व्हॉल्व उघडताच तो सरळ १२ वर येऊन बसला. त्या मशीनला किमान २० हवा होता. टाकी वेळेत भरत नव्हती, लादी पातळ येत होती, आणि माझ्या आधी येऊन गेलेल्या माणसाने त्यात दोनदा गॅस भरला होता. गॅस जास्त झाल्यामुळे कंप्रेसरचे हाल चालले होते ते वेगळंच.

आता कोळशाची दुसरी बाजू. ही मला सगळ्यात जास्त टोचते.

कार्बन क्लोरीन काढतो, आणि तो काढायलाच हवा. चव-वास तर आहेच, शिवाय मशीनच्या आत पाणी वाहताना क्लोरीन हवेत सुटतो आणि बंद डब्यात साचून पत्रा, स्क्रू, मुलामा खातो. पण क्लोरीन पाण्यात कशासाठी असतो? पाण्याची राखण करायला. तो काढला की फिल्टरच्या पुढचं पाणी उघडं पडलं. मशीनच्या आत ओलावा आहे, काळोख आहे, दरवाजा उघडला की बाहेरची हवा आणि तिच्यातलं जे काही असेल ते आत जातं. मग प्लेटच्या वरच्या पट्टीवर, पाण्याच्या नळीत, पेटीच्या छतावर बुळबुळीत थर धरतो, आधी नितळ, मग गुलाबी, मग काळपट. म्हणून ज्या दिवशी मी कार्बन बसवते त्याच दिवशी सांगते की आता साफसफाई वाढवावी लागेल. लोकांना नेमकं उलटं ऐकायचं असतं. "फिल्टर लावलाय ना, मग आता धुवायचं कशाला?" एका रुग्णालयात तिथल्या बाईंकडून हेच उत्तर मला मिळालं होतं, आणि तिथल्या पेटीचं छत मी पांढऱ्या रुमालाने पुसलं तेव्हा रुमालावर जे आलं ते मी त्या बाईंना काही न बोलता दाखवलं. तिथला बर्फ आजारी माणसांच्या तोंडात जात होता. गोठल्याने जंतू मरतात हा समज मनातून काढून टाका, कित्येक जंतू बर्फात आरामात तग धरतात. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध संस्थेच्या फूड कोडमध्ये बर्फाची गणना अन्नातच केली आहे, आणि मला ते अगदी रास्त वाटतं. आपण बर्फाला अन्न समजत नाही, सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

यूव्ही दिव्याचा उपयोग होतो, पण तो समोरून जाणाऱ्या पाण्यापुरता. आत आधीच बसलेल्या थराला तो काहीही करत नाही.

जडपणासाठी तीन वाटा आहेत. पहिली पॉलिफॉस्फेट. हे क्षार काढत नाही. लिटरमागे अवघे काही मिलिग्रॅम पाण्यात मिसळतं आणि कॅल्शियमच्या कणांना एकमेकांना धरून दगड बनू देत नाही. ते मोकळेच राहतात आणि टाकीच्या पाण्याबरोबर नालीत जातात. म्हणून हे लावल्यावर टीडीएस किंवा जडपणा मोजून "काहीच फरक नाही" म्हणणारे चुकतात, आकडा बदलणारच नसतो. गरम पाण्यात पॉलिफॉस्फेट हळूहळू फुटतं आणि कामातून जातं, बर्फाच्या मशीनमध्ये पाणी थंड, त्यामुळे इथे ते टिकतं. मध्यम ते जड पाण्याला माझी पहिली पसंती हीच. फार जड पाण्यात मात्र ते हरतं.

दुसरी सॉफ्टनर, म्हणजे मीठ घालून चालतो तो. बर्फाच्या मशीनसाठी मी तो सहसा सुचवत नाही. कॅल्शियम काढून तो सोडियम देतो, ४० ग्रॅम कॅल्शियमच्या बदल्यात ४६ ग्रॅम सोडियम, म्हणजे एकूण क्षार उलट किंचित वाढतातच. प्लेटवर दगड धरत नाही हे खरं, पण बर्फ ढगाळ आणि लिबलिबीत येतो, लवकर वितळतो.

तिसरी आरओ. ९० टक्क्यांहून जास्त क्षार काढतो, त्यामुळे लोकांना वाटतं यापुढे काही बघायलाच नको. मलाही तसंच वाटत असे. काम शिकून मोकळी झाले त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी एका मशीनला मोठ्या विश्वासाने आरओ जोडला आणि तिसऱ्या दिवशी ते बंद पडलं. दिवसभर मी वायरिंग तपासत होते. प्लेटसमोर बर्फाची जाडी कळण्यासाठी एक काटा असतो. पाणी त्याला लागलं की त्या पाण्यातून वीज वाहते आणि मशीनला समजतं की लादी तयार झाली. माझ्या पाण्यात क्षार इतके कमी झाले होते की वीज वाहायलाच तयार नव्हती. मशीन गोठवतच राहिलं. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या काकांना संध्याकाळी फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी काय पाजलंस?" मी सांगितलं. म्हणाले, "चिमूटभर मीठ टाक टाकीत." टाकलं, पाच मिनिटांत काट्याने बर्फ ओळखला. मीठ हा काही इलाज नव्हे, तो फक्त निदान पक्कं करायला. इलाज होता तो आरओच्या पाण्यात थोडं गाळलेलं साधं पाणी मिसळण्याचा. तेव्हापासून मिसळायचा व्हॉल्व नसलेला आरओ मी मशीनला जोडत नाही. निव्वळ आरओचं पाणी धातूलाही झोंबतं. शिवाय आरओ थेंबथेंब देतो आणि मशीन भरताना घटाघटा पितं, म्हणून मध्ये साठवण टाकी आणि दाबाचा पंप हवाच. आणि त्याच्या आधी कार्बन, कारण आरओच्या पडद्याला क्लोरीन चालत नाही.

आता दोन उदाहरणं, दोन्ही माझ्या डोळ्यांदेखतची.

एका ठिकाणी नवं कार्ट्रिज तीन आठवड्यांत संपत होतं. पाणी मोजलं, ठीकठाक. मशीन वॉटर-कूल्ड होतं, म्हणजे कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) गार करायलाही पाणीच. बसवणाऱ्याने फिल्टर मुख्य नळावर लावून पुढे दोन फाटे काढले होते, एक बर्फाला, एक कंडेन्सरला. कंडेन्सर बर्फाच्या कित्येक पट पाणी पितो. गाळून, क्लोरीन काढून, इतकं जपलेलं पाणी तो नुसता गरम होऊन नालीत सोडत होता. फाटा फिल्टरच्या आधी घेतला, अर्ध्या तासाचं काम, आणि तेच कार्ट्रिज सहा महिने चाललं.

दुसरं आठवलं की अजून जीव हळहळतो. खार काढायला कोणीतरी फरशी धुवायचं ॲसिड वापरलं होतं. खार गेला, आणि त्याच्याबरोबर निकेलही. मुलामा पापुद्र्यासारखा सुटून बर्फात चकचकीत कण यायला लागले होते. प्लेट बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि प्लेट म्हणजे मशीनचा जीवच. खार काढायचं औषध निकेलला चालणारंच हवं, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: खाराचं ॲसिड आणि क्लोरीनचं जंतुनाशक एकत्र कधीही येऊ द्यायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. आधी खार काढायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं, मग जंतुनाशक. बंद खोलीत तर दुप्पट सांभाळून.

कार्ट्रिज बदलताना पहिलं पाणी मशीनमध्ये सोडू नका. कोळशाची बारीक भुकटी येते, बादलीत काळं पाणी दिसतं. नितळ होईपर्यंत नालीत जाऊ द्या. रबराच्या रिंगला खाद्य-दर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावा. आणि कार्ट्रिजवर जाड पेनाने तारीख लिहा, त्याखाली त्या दिवशी वाहत्या पाण्यातला दाब. सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाला, तो मीच असेन किंवा दुसरं कोणी, त्या दोन ओळींचा फार आधार होतो.

सध्या माझ्या डोक्यात एक भुसभुशीत बर्फाचं मशीन आहे, म्हणजे फ्लेकर. त्यात प्लेट नसते. उभा नळकांडा, आत मळसूत्रासारखा दांडा फिरतो आणि भिंतीवर धरलेला बर्फ खरवडून वर ढकलतो. आतापर्यंत सांगितलेल्या प्लेटच्या, म्हणजे क्यूबच्या मशीनसारखं दर फेरीला पाणी सोडून द्यायची सोय त्यात नाही, आलेलं जवळपास सगळं पाणी गोठवायचं, त्यामुळे खारावर त्याचा फार राग. बोअरचं पाणी आहे. गेल्या महिन्यात ते मशीन किंचाळत होतं म्हणून फोन आला. दांडा बाहेर काढला तर त्यावर काचेसारखी कडक, करडी साय. तिचा एक कपचा कपात टाकून वर खाराचं औषध ओतलं. शेजारच्या कपात दुसऱ्या मशीनचा पांढरा खार होता, त्याला लगेच फसफसून फेस आला, सोड्यासारखा. हा कपचा मात्र तळाशी पडून राहिला. एक बुडबुडा नाही. अर्ध्या तासानेही नाही. तो सिलिका, वाळूत असतो तोच पदार्थ. पॉलिफॉस्फेट त्याला रोखत नाही, सॉफ्टनर त्याला ओळखतसुद्धा नाही, आणि एकदा बसला की नेहमीच्या ॲसिडने निघत नाही. दांडा हाताने, लाकडी पट्टीने, मुलामा सांभाळत घासून काढला, त्यात पूर्ण दुपार गेली. बेअरिंग बदललं.

तिथे आता आरओ बसवलाय, मिसळायच्या व्हॉल्वसकट. पाण्याची पातळी ओळखणारा काटा याही मशीनला आहे, म्हणून पहिल्या दिवशी व्हॉल्व थोडा थोडा फिरवत मी टीडीएस ९० वर आणून ठेवला. काटा पाणी ओळखतोय, आवाज बंद आहे. पण मिसळलेल्या पाण्यातून थोडा सिलिका अजून आत जातोच आहे, आणि तो थोडा म्हणजे किती हे दांडा पुन्हा बाहेर काढल्याशिवाय कळायचं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उघडणार आहे. पोराला सांगून ठेवलंय, त्या दिवशी दुसरं काम घ्यायचं नाही.